मॅनिफोल्ड लाल झाला! टायमिंग पुढे घेऊ की मागे?

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. मी कणकवलीचा. वडिलांची जुनी मारुती एस्टीम माझ्याकडे आहे, कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा) वाली. कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडून एका छोट्या डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळाला, तो बसवला. मॅनिफोल्ड वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) सहा पीएसआय, ती हवा गार करणारा इंटरकूलर नाही, पेट्रोलचा पंप मूळचाच आहे. सपाटीला गाडी झकास पळते. पण फोंडा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा. मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे घेतलं. आवाज गेला, पण गाडीचा दमही गेला. परवा रात्री घाट चढून वर बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्ड लालभडक! मित्र म्हणतो, टायमिंग परत पुढे घे आणि महागडं पेट्रोल टाक. मिस्त्री म्हणतो, अजून दोन डिग्री मागे घेऊ. आई म्हणते, ‘ह्यां धूड इकून टाक.’ नेमकी किती डिग्री ठेवू?
– घाटात अडकलेला, कणकवली

बाबा रे, आधी एक ऐक. खाली सांगतो ती तपासणी होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नकोस. बाजारात ने, स्टेशनवर चाकरमानी आणायला ने, पण बूस्टचा काटा शून्याच्या वर चढू देऊ नकोस. तुझ्याकडे सल्लागार तीन. मित्राचं ऐकलंस तर पिस्टन जाईल, मिस्त्रीचं ऐकलंस तर टर्बो जाईल आणि आईचं ऐकलंस तर गाडी जाईल. तिघांत शहाणी आईच, पण तिचं तू ऐकणार नाहीस हे पत्रावरून दिसतंच आहे. म्हणून उरलेल्या दोघांचं बघू.

‘नेमकी किती डिग्री’ असं विचारलंयस. आकडा देतो, पण जरा थांब. तुझ्या पत्रात टायमिंगपेक्षा मोठी गोष्ट तू जाताजाता लिहून गेलायस: पेट्रोलचा पंप मूळचाच आहे. ते वाचून मी हातातला चहा खाली ठेवला.

तुझा टर्बो कार्ब्युरेटरच्या तोंडात हवा ढकलतो, म्हणजे बूस्ट आला की फ्लोट चेंबरमध्येही (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) तेवढाच दाब येतो. इंजिनावरचा जुना यांत्रिक पंप पेट्रोल ढकलतो तो फार तर तीन-चार पीएसआयने. समोर सहाचा दाब उभा असताना ते पेट्रोल आत शिरणार कसं? सपाटीला तू दोन-चार सेकंद पाय दाबतोस आणि सोडतोस, तेवढ्याला चेंबरात साठलेलं पेट्रोल पुरतं. घाटात पाय दाबलेलाच राहतो. चेंबर खाली होत जातो, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि नेमका तिथेच तुझा खड्यांचा डबा वाजायला लागतो. सपाटीला झकास आणि घाटात बोंब, याचं निम्मं उत्तर मला तरी इथेच दिसतं. मिस्त्रीने टायमिंग मागे घेऊन आवाज दाबला. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर काढून घ्यावा, तसं झालं हे.

तेव्हा पहिला खर्च पंपाचा. इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टची नळी जोडता येईल असा प्रेशर रेग्युलेटर घे. बूस्ट शून्य असताना पेट्रोलचा दाब तीन, बूस्ट सहा झाला की पेट्रोलचा दाब नऊ, असं त्याने आपोआप राखलं पाहिजे. पेट्रोलच्या नळ्या इंजेक्शनच्या गाडीला लागतात त्या प्रतीच्या, क्लिपा नव्या. लाल झालेल्या मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर तुझी पेट्रोलची लाईन आहे, हे विसरू नकोस. आणि गाडीत आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेव.

पंपाबरोबर जेटही बघ. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये मुळात ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. नव्या गाडीचा संगणक हे ओळखतो आणि जास्त पेट्रोल सोडतो. तुझ्या कार्ब्युरेटरला ना डोळे ना कान, पितळी जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल जाणार. जुन्या पेट्रोलवर बेतलेला जेट आज सहा-आठ टक्के लीन चालतो. साध्या फिरण्यात ते चालून जातं, बूस्टमध्ये जात नाही. बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरा ते बारास एक असावं. ते कळायला सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड सेन्सर लागतो. या सगळ्या उद्योगात एकाच वस्तूवर पैसे टाकायचे असतील तर त्याच्यावर टाक. अलॉय व्हील नंतर घे.

मित्राच्या महागड्या पेट्रोलबद्दल थोडक्यात. ऑक्टेन (पेट्रोलची आपोआप न पेटण्याची ताकद) वाढला की नॉकिंग, म्हणजे तुझा तो खड्यांचा आवाज, लांबतं, हे खरं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असतो, त्यामुळे साधं पेट्रोलही पूर्वीच्या ९१ वर राहिलेलं नाही. पण लीन चाललेल्या इंजिनात महागडं पेट्रोल ओतणं म्हणजे गळक्या होडीला रंग देणं. आणि हो, गाडी गणपतीपासून शिमग्यापर्यंत शेडमध्ये उभी राहत असेल तर टाकीतलं पेट्रोल बदल. आपल्या दमट हवेत इथेनॉल पाणी धरतं, पाणी जास्त झालं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरलेला असतो.

आता टायमिंग.

मालवणला रापणीची होडी पाण्याबाहेर काढताना तू पाहिली असशील. लाट येते, होडीला उचलते, त्याच क्षणी सगळे मिळून ढकलतात. लाट यायच्या आधी जोर लावला तर उतरत्या पाण्याशी झटापट होते आणि खांदे जातात. लाट निघून गेल्यावर लावला तर होडी वाळूत रुतलेली असते, जोर फुकट. सिलिंडरात हेच चालतं. ठिणगी पडली म्हणजे लगेच स्फोट झाला असं नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. सगळ्यात जास्त दाब पिस्टन टोकावरून खाली वळल्यावर पंधराएक डिग्रीला आला पाहिजे. त्याआधी आला तर दाब वर येणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यात बसतो. त्यानंतर आला तर पिस्टन निम्मा खाली पळालेला असतो. वेळ किती थोडा ते बघ: मिनिटाला ३००० फेऱ्यांना क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात १८ डिग्री फिरतो.

टर्बोने यात दोन गोष्टी बदलतात. हवा दाट झाली की ज्योत लवकर पसरते, म्हणजे ठिणगी पूर्वीइतकी आधी टाकायची गरजच उरत नाही. आणि हवा तापते. मे महिन्यात बाहेर ३५ अंश असताना सहा पीएसआयपर्यंत दाबलेली हवा टर्बोतून बाहेर पडते ती ८० अंशांच्या वरच. तुझ्याकडे इंटरकूलर नाही, म्हणजे तीच गरम हवा सरळ सिलिंडरात. ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण तापून आपलं आपण पेटतं, एकदम. तोच खड्यांचा आवाज. तो आवाज पिस्टनच्या वरच्या रिंगेखालची पट्टी फोडतो. माझ्या गॅरेजात मी स्वतः एकाची गाडी अशी घालवली आहे. ‘दोन डिग्री पुढे घेतली की बघा कशी ओढते,’ असं मीच म्हणालो होतो. ओढली, पाचसहा दिवस. नंतर हेड काढलं तर पिस्टनची कड उंदराने कुरतडल्यासारखी. पैसे मी भरले.

म्हणून मित्र चुकला. पण मिस्त्रीही बरोबर नाही, आणि हे आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या मिस्त्रींना पटत नाही. त्यांचा समज असा की टायमिंग मागे घेतलं की गाडी ‘सेफ’. ठिणगी उशिरा पडली तर आग संपत नाही, एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आत जळत असतं. पिस्टनला ढकलण्यात जायची ती उष्णता सरळ मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून टर्बोच्या पंख्यावर जाते. गाडीचा दम गेला आणि मॅनिफोल्ड लाल झाला, ही एकाच चोरीची दोन टोकं आहेत. त्यात तुझा टर्बो डिझेलचा. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो, शे-दोनशे अंशांनी सहज. त्या पंख्याची आणि केसिंगची धातू त्या हिशेबाने निवडलेली असते. पेट्रोलच्या इंजिनावर, त्यातही उशिरा ठिणगी आणि लीन मिश्रणावर, तो फार दिवस काढणार नाही. अंधारात मंद लाली दिसणं पेट्रोल टर्बोला नवीन नाही, पण तू ‘लालभडक’ लिहिलंयस. घाट चढून वर आल्यावर इंजिन लगेच बंद करू नकोस, एखाद-दोन मिनिटं हळू चालू ठेव. नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल तिथेच करपतं.

मग मिस्त्रीने टायमिंग किती मागे घेतलं? तुला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. बोल्ट ढिला केला, कानाने ऐकत फिरवलं, घट्ट केला. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याची एक डिग्री म्हणजे क्रँकच्या दोन. त्याच्या बुडाचा व्यास सात सेंटिमीटर धर: कडेला एक मिलिमीटर सरकवलं की क्रँकवर तीन डिग्रींहून जास्त फरक पडतो. उकड्या तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं फिरवलं की सहा डिग्री गेल्या! कानाने हे काम होत नाही. माझ्या कानाने तर आता अजिबातच नाही.

टायमिंग लाईट आण, ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा. विकत घेतलीस तरी महाग नाही, पण कणकवलीत कुठल्या तरी जुन्या गॅरेजच्या फळीवर धूळ खात पडलेली असेल, मागून आण. मात्र लाईट लावायच्या आधी डिस्ट्रिब्युटर काढून उघड. आपल्या किनाऱ्यावरच्या गाड्यांचं हे खास दुखणं आहे. आत दोन छोटी वजनं असतात. फेऱ्या वाढल्या की ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे नेतात, फेऱ्या उतरल्या की स्प्रिंगा त्यांना परत आणतात. खाऱ्या हवेने त्यांच्या खुंट्या गंजतात. वजनं बाहेर गेली की परतच येत नाहीत, किंवा अडखळत येतात. अशी गाडी आज एक टायमिंग दाखवते, उद्या दुसरं, आणि माणूस जन्मभर बोल्ट फिरवत बसतो. रोटर बोटाने फिरवून सोड. टक्कन जागेवर यायला हवा. आळसावल्यासारखा आला तर खोल, रॉकेल किंवा डिझेलने धू, खुंट्यांना थेंबभर ऑइल, स्प्रिंगा गंजल्या असतील तर बदल. टोपीच्या आतल्या पितळी खुंटांवर हिरवट बुरशी धरली असेल तर टोपी नवी. बूस्टमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि कमकुवत टोपी-वायर नेमकी तिथेच दगा देते. पावसाळ्यातल्या रात्री अंधारात बॉनेट उघडून बघ. वायरींवर निळे काजवे चमकले तर आधी वायरी बदल, मग टायमिंगला नावं ठेव.

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला डबी आहे ना, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची, इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी? तिची नळी काढ आणि कार्ब्युरेटरकडचं तोंड बंद कर. बूस्टचा दाब तिच्यात शिरला तर आतला पडदा फाटतो. कोणीतरी हुशार तुला म्हणेल, वन-वे व्हॉल्व्ह बसव. नको बसवू. आधीचा व्हॅक्यूम आत कोंडून राहतो आणि बूस्ट आला तरी टायमिंग पुढेच धरून ठेवतो, म्हणजे नको तिथे नको तेवढं. डबी बंद ठेवल्याने संथ चालवताना मायलेज थोडं उतरेल. उतरू दे. मायलेजसाठी का तू टर्बो बसवला होतास?

आता मोजणी. पुलीवरची खूण मिठाच्या हवेने दिसेनाशी झाली असेल, ब्रशने घासून तिच्यात पांढरा रंग भर. पण त्या खुणेवर आंधळा विश्वास ठेवू नकोस, काही पुल्यांमधलं रबर म्हातारं होऊन बाहेरची कडी सरकते. एक नंबरच्या सिलिंडरचा प्लग काढ, भोकात लांब प्लास्टिकची काडी घाल, पुली हाताने फिरव, आणि पिस्टन टोकाला आला तेव्हा खूण शून्यावर आहे का बघ. मग इंजिन गरम करून आयडलला डिग्री मोज. बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीचा आकडा असतो, तो तुझा पाया. त्यानंतर इंजिन हळूहळू साडेतीन हजारांपर्यंत ने आणि डिग्री वाढायची थांबते तिथला आकडा लिही. तुझ्या पिस्टनचं नशीब त्या दुसऱ्या आकड्यावर ठरणार आहे, आयडलच्या नाही.

या आकाराच्या आठ व्हॉल्व्हच्या पेट्रोल इंजिनाला टर्बोशिवाय, व्हॅक्यूम सोडून, वरच्या फेऱ्यांना साधारण २८ ते ३२ डिग्री चालतात. जुना ठोकताळा असा की बूस्टच्या दर पीएसआयमागे एक डिग्री काढायची. सहा पीएसआय, सहा डिग्री. इंटरकूलर नाही म्हणून आणखी दोन. म्हणजे २० ते २४, पण तुझी सुरुवात खालच्या बाजूने, २० ते २२ वर. झाला तुझा आकडा. हा सुरुवातीचा आहे, शेवटचा नव्हे, आणि पेट्रोलचं गणित आधी सुटलं असेल तरच.

पण हा आकडा गाठण्यासाठी सगळा डिस्ट्रिब्युटर मागे फिरवायचा नाही, मिस्त्रीची चूक हीच. समज, कंपनीचा पाया ८ आणि वरचं टोक ३०. तू आठ डिग्री मागे फिरवलंस तर टोक २२ झालं, पण आयडलला शून्य! गाडी रेल्वे फाटकात उभी राहिली तरी तापणार, पहिल्या गिअरमध्ये रडणार, आणि घाटात २००० फेऱ्यांवर, वजनं अजून अर्धीच उघडलेली असताना, ठिणगी फारच उशिरा पडणार. तुझी गाडी आज अशीच चालते आहे, असं मला वाटतं. त्याऐवजी पाया ८ वरच ठेव आणि वजनांची धाव कमी कर. ३० वजा ८, म्हणजे वजनं आज क्रँकच्या २२ डिग्री देतात, डिस्ट्रिब्युटरच्या ११. तुला हव्यात क्रँकच्या १४, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या ७. वजनांना किंवा त्यांच्या पट्टीला जिथे अडसर असतो, तिथे वेल्डिंगचा बारीक थेंब टाकून आणि कानसीने घासून धाव चार डिग्रींनी आखूड करायची. पुन्हा बसव, लाईटने मोज, जास्त झालं तर घास. दुपारभराचं काम आहे, खर्च जवळपास शून्य, आणि गरीब टर्बोवाल्याला याहून चांगला इलाज मला ठाऊक नाही. पूर्वी काही कारखान्यांच्या टर्बो गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरवर बूस्ट आला की टायमिंग मागे ओढणारी दुतोंडी डबी असायची. भंगारात मिळाली तर तुझं भाग्य.

प्लग एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, घे आणि गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेव. इथे एक गंमत लक्षात ठेव, दुकानदारही चुकतात: एनजीकेचा आकडा वाढला की प्लग थंड, बॉशचा आकडा वाढला की प्लग गरम. एकाचा आकडा बघून दुसऱ्याचा प्लग घेतलास तर उलटंच घडेल.

चाचणी फोंड्यात करू नकोस. देवगडकडच्या सड्यावर सकाळी लवकर जा, रस्ता सपाट आणि रिकामा. बाजूला चिऱ्याचा गडगा असलेला तुकडा शोध, काचा खाली कर. भिंतीवरून इंजिनाचा आवाज परत येतो आणि नॉकिंग असेल तर आतल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं. त्याहून पक्कं हवं असेल तर वीतभर तांब्याची नळी घे, एक टोक ठोकून चपटं कर, भोक पाडून ब्लॉकच्या एखाद्या बोल्टाखाली आवळ, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती खिडकीतून आत घे आणि जुन्या इअरमफला जोड. फक्त ती नळी एग्झॉस्टपासून लांबून ने. शेजारी बसलेला ऐकणार, तू रस्ता बघणार. नॉकिंग झालं की त्या नळीतून चणे भाजल्यासारखी तडतड येते, एकदा ऐकली की माणूस विसरत नाही. मित्राला बसव, त्याचाही पेट्रोलचा अभिमान जरा उतरेल.

तिसरा गिअर, २५०० फेऱ्या, आधी अर्धा पाय, मग पाऊण, मग पूर्ण. काहीही वाजलं की पाय वर. दोनतीन स्वच्छ ओढींनंतर इंजिन एखाद-दोन मिनिटं हळू चालू ठेवून तिथेच बंद कर, थंड होऊ दे आणि प्लग काढून भिंगाखाली बघ. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड टाकल्यासारखे काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चकचकीत बारीक गोळे दिसले तर कानाने काहीही सांगितलेलं असो, नॉकिंग होतं. दोन डिग्री मागे ये. प्लग स्वच्छ असतील आणि मॅनिफोल्ड फार तापत असेल तर एक डिग्री पुढे घे, पुन्हा सगळं तपास. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही. एक डिग्री पुढे घेऊनही ओढ वाढली नाही तर ती डिग्री परत दे.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. आपली दमट हवा नॉकिंगच्या बाबतीत मित्र आहे, हवेतली वाफ आगीला थोडी थोपवते. तेव्हा ऑगस्टमध्ये मालवणात गोड चालणारी गाडी जानेवारीत कोल्हापूरच्या कोरड्या हवेत कुरकुर करू शकते. तुझी शेवटची चाचणी म्हणून कोरड्या दिवशी घे, पावसात पास झालेली गाडी मी पास धरत नाही. आणि घाटात तिसऱ्यात २००० फेऱ्यांवर पाय दाबून रडवत बसू नकोस. कमी फेऱ्या आणि पूर्ण बूस्ट म्हणजे मिश्रणाला आपोआप पेटायला भरपूर वेळ. दुसऱ्यात घे, इंजिन मोकळं फिरू दे.

हे सदर वाचणाऱ्या काहींकडे कारखान्यातून आलेली टर्बो पेट्रोल गाडी असेल, नेक्सॉन, मॅग्नाइट वगैरे. तुमच्याकडे फिरवायला काहीच नाही, आणि तेच बरं आहे. ब्लॉकवर बसलेला नॉक सेन्सर आवाज ऐकतो आणि संगणक स्वतः टायमिंग मागे घेतो. घाटात गाडी मधूनच मंदावली तर बहुतेक तोच काम करत असतो. कोणी लॅपटॉप आणून ‘दहा हजारांत डिग्री वाढवून देतो’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बाबा, कायद्याचंही सांगायला हवं, नाहीतर उद्या तू माझं नाव घेशील. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कारखान्याने ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. टर्बो बसवणं हा साधा बदल नाही. सिंधुदुर्गच्या आरटीओत आधी विचारून ये, आणि अपघात झाला तर विमा कंपनी बॉनेट उघडून बघणार हे धरून चाल. ब्रेक ६५ घोड्यांच्या गाडीचे आहेत, तेही डोक्यात ठेव. फोंडा चढतोस तसा उतरतोसही.

आता क्रम तुला कळला असेल: पंप आणि जेट, मग डिस्ट्रिब्युटरची सफाई, मग मोजणी, मग वजनांची धाव. बोल्ट फिरवणं सगळ्यात शेवटी. झालं की मला चार आकडे कळव: आयडलची डिग्री, साडेतीन हजारांची डिग्री, पूर्ण बूस्टमध्ये पेट्रोलचा दाब, आणि आवाज आलाच तर कितव्या पीएसआयला आला तो. उघडलेल्या डिस्ट्रिब्युटरचा फोटोही पाठव, खुंट्यांवरचा गंज बघूनच मला निम्मं कळेल. आणि आईला म्हणावं, काकांनी सांगितलंय, पंप बदलेपर्यंत धूड घाट चढणार नाही. तेवढे दिवस तिच्याही जिवाला स्वस्थता.